दुसरा रुमाल

तिनं मेलेल्या म्हाताऱ्याचं तोंड पुसलं. पर्समधून रुमाल काढला, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं, ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीकडे उतरलेला चिकट ओघळ खालून वर टिपला, मग ओठांमधली फट, मग नाकाखालचा खळगा. रुमालाची घडी आतल्या बाजूला वळवली आणि तो पुन्हा पर्समध्ये टाकला. एवढं सगळं उरकल्यावर तिला कळलं की आपण खुनाच्या तपासाला आलोय. फोटो काढणारा अजून जिन्यातच होता. मधल्या मजल्यावर बॅग टेकवून तो धापा टाकत असल्याचं ऐकू येत होतं. तिचा जोडीदार, ज्याला सगळं खातं रेडिओ म्हणायचं, बाहेरच्या खोलीत म्हाताऱ्याच्या मुलाशी बोलत होता, म्हणजे एकटाच बोलत होता. आयुष्यभर तिनं नव्या माणसांना दटावून सांगितलं होतं की मेलेल्याच्या खोलीत आपल्या नाकालासुद्धा हात लावायचा नाही. आणि आज तिच्या हातानं तिला न विचारता, घरी दिवसातून कितीतरी वेळा करतो त्याच सहजपणे, हे केलं होतं. तिनं वळून पाहिलं. दारात म्हाताऱ्याची सून उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आश्चर्यही नव्हतं. खूप वेळ खाजणारी जागा कुणीतरी खाजवून दिल्यावर येतो तसला सैलपणा होता. ती हळूच म्हणाली, “तुमच्याकडे कोण आहे?”

आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “वडील.”

खात्यात तिला पाठीमागे नकटी म्हणायचे. नाक चांगलं सरळ होतं. पण जिथे भले भले पुरुष दारातूनच मागे फिरून जिन्याच्या कोपऱ्यात वाकायचे, तिथे ही बाई रुमाल न लावता उभी राहायची, म्हणून नकटी. पाण्यातून काढलेली माणसं, बंद खोलीत उन्हाळाभर राहिलेली माणसं, तिनं जवळून, वाकून पाहिली होती आणि घरी येऊन नीट जेवली होती. तिला त्याचा थोडा गर्वही होता. मग गेल्या काही महिन्यांत हे काय सुरू झालं होतं कोण जाणे. चहावर धरलेली साय. रेडिओ बिस्किट बुडवून खाताना त्याच्या मिशीला लागणारा ओला चुरा. जिन्याच्या कठड्याचा हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला भाग. टेलिफोनच्या रिसीव्हरला येणारा दुसऱ्याच्या श्वासाचा वास. सगळ्याची शिसारी यायची. मेलेल्यांची नाही, जिवंतांची. मेलेला माणूस निदान थांबलेला असतो. जिवंत माणूस पाझरत राहतो, हे तिला इतक्या उशिरा कळत होतं, आणि ते तिला घरानं शिकवलं होतं. घरी वडिलांना भरवताना कुस्करलेला बटाटा जिभेनं पुन्हा बाहेर ढकलला जायचा, तिच्या बोटांवर यायचा, कोमट. ती तो पुसायची, पुन्हा भरवायची, तोंडानं “हं, शाब्बास, अजून एक” म्हणायची आणि मनात म्हणायची की आता पुरे. पुरे म्हणजे काय, ते मात्र ती मनातही पूर्ण बोलायची नाही.

वडील शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते. ती लहान असताना पहाटेच्या फेरीला कधी कधी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायची. वळणावळणाचा रस्ता होता, आणि रोज कुणी ना कुणी पोर ओकायचंच. इतर ड्रायव्हर शिव्या द्यायचे, पोराला खिडकीकडे ढकलायचे. वडील बस कडेला घ्यायचे, सीटखालचा भुशाचा डबा काढायचे, घाणीवर भुसा पसरायचे आणि त्या रडवेल्या पोराचं तोंड खिशातल्या रुमालानं पुसायचे, खालून वर, म्हणजे घाण पसरत नाही. वर म्हणायचे, “आत मावलं नाही, बाहेर आलं. त्यात काय! डोंगरसुद्धा ओकतात, त्यांचं चित्र तुमच्या भूगोलात असतं.” सगळी बस हसायची, पोरही हसायचं. त्यांच्या दोन खिशांत दोन रुमाल असायचे. तिनं विचारलं होतं, दोन कशाला? तर म्हणाले, “एक आपला, एक लोकांचा. लोकांचा कधी विसरू नकोस.” ती नोकरीला लागली तेव्हाही त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही, जपून राहा नाही की मोठी हो नाही, दोन रुमाल हातात ठेवले. नवरा तिच्यापासून वेगळा झाला, भाड्याची सायकल परत करावी तसा, भांडण न करता. त्या दिवशीही वडील काही बोलले नव्हते, फक्त दुसरा रुमाल पुढे केला होता. त्याच सवयीनं आजही तिच्या पर्समध्ये दोन असायचे. म्हाताऱ्याचं तोंड पुसलं गेलं ते लोकांच्या रुमालानं.

त्या सकाळी पुढचं सगळं भराभर झालं. घरच्या डॉक्टरनं मृत्यूच्या दाखल्यावर सही करायचं नाकारलं होतं, कारण म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके होते. श्वास कोंडला की येतात तसले. डोळे पाहताच डॉक्टर घाबरून दोन पावलं मागे गेला, बाकी त्याला काही आठवत नव्हतं. घरात तिघंच राहत, म्हातारा, मुलगा, सून. म्हातारा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. मुलगा नीटनेटका होता, कपड्यांना कडक इस्त्री, नखं कापलेली, अंगाला उंची साबणाचा वास. तो आपल्या खुर्चीत अगदी काठावर बसला होता, कारण खुर्चीची पाठीमागची उशी जागेवर नव्हती. बोलता बोलता तो दोनदा उठून हात धुऊन आला. बाल्कनीत दोरीवर त्या उशीचं पिवळं लोकरी कव्हर वाळत होतं. वाळत कसलं, न पिळता टाकल्यामुळे त्यातून पाण्याची धारच लागली होती. हे सगळं तिला दिसलं. पण तिचं डोकं पर्समधल्या रुमालात अडकलं होतं. तेवढ्यात सून आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “मीच केलं. उशी दाबली. त्यांच्या डोक्याखालचीच.” नवऱ्यानं मान वर केली नाही. रेडिओ त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. गाडीत बसल्यावर मात्र त्याला वाचा फुटली. म्हणाला, “नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, आणि इथे बघा, मॅडम, अक्षता पडल्यासुद्धा.” मग आपण कुणाला काय म्हणालो ते लक्षात येऊन तो खिडकीबाहेर बघू लागला.

ती हसली नाही. तिला सुटल्यासारखं वाटत होतं, आणि त्या सुटकेचीच किळस येत होती. कबुली आली म्हणजे आता त्या तोंडावर काय होतं, काय नव्हतं, कुणी विचारणार नाही. रुमाल तिनं कार्यालयाच्या कपाटात ठेवला नाही, घरी धुवायलाही टाकला नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात तो तसाच होता. चावी काढताना, चष्मा काढताना बोट त्याला लागायचं, आणि तो वाळून कडक झालेला आहे हे कळायचं. एकदा स्वच्छतागृहात दार लावून तिनं तो उलगडला. फिक्कट डाग, आणि त्या डागात चिकटलेला एक पिवळा धागा, लोकरीचा, पापणीच्या केसाएवढा. तिनं घडी घातली. नळ सोडला. रुमाल त्या पाण्याखाली धरायला किती वेळ लागतो? नळ वाहत राहिला आणि ती आरशात स्वतःकडे पाहत राहिली. आणि तिला त्या सुनेचा राग आला. कोण कुठली बाई, दारात उभी राहते आणि विचारते, तुमच्याकडे कोण आहे. जणू दोघी एकाच रांगेत आपापल्या बादल्या घेऊन उभ्या आहेत. त्या घराचा वास तिच्या घराचाच होता, हेही तिला आवडलं नव्हतं. तोच पावडरचा, औषधाचा, आणि कितीही धुतलं तरी चादरीच्या मध्यभागी राहणारा तो तिसरा वास. सुनेचे हात तिनं पाहिले होते. पाण्यानं फाटलेले, नखाशेजारची कातडी सोललेली. मग तिनं नळ बंद केला आणि आपले हात खिशात घातले.

सुट्टीच्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. तो यायचा तेव्हा महागडी फळं आणायचा, जी वडिलांना चावता येत नसत, आणि वडिलांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभं राहून विचारायचा, “काय बाबा, कसं काय?” उंबरा ओलांडायचा नाही. आत हवाच कुठे आहे, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशीही त्याचं तेच पालुपद चाललं होतं, की ताई, अशा माणसांसाठी चांगल्या संस्था असतात, पैशांचं मी बघतो, तू किती दिवस हे करणार. तुझा चेहरा बघ आरशात. ती स्वयंपाकघरात सूप गाळत होती आणि मनात त्याला उंटावरचा शहाणा म्हणत होती. तेवढ्यात आतून वडिलांच्या घशातला तो आवाज आला, अडकल्याचा. तिचे हात गरम पातेल्यात गुंतलेले. ती तिथूनच ओरडली, डोकं उचल त्यांचं, उशी उंच कर. ती धावत पोचेपर्यंत भावानं काय केलं होतं? वडिलांच्या डोक्याखाली दोन उशा होत्या, त्यांना त्यानं हात लावला नव्हता. तो बाहेर पळत गेला होता, सोफ्यावरची स्वच्छ, नक्षीची उशी घेऊन आला होता आणि ती दोन्ही हातांनी पुढे धरून, मान मागे वळवून, वडिलांच्या खांद्यामागे खुपसत होता. ओकारी आल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं. वडील सावरले, खोकले, पिवळा ओघळ हनुवटीवर आला. भाऊ उशी सोडून मागे सरला. “ताई,” तो म्हणाला, “पूस ना. ते पूस ना तू आधी.”

तिनं पुसलं. खालून वर. पुसता पुसता हात मध्येच थांबला.

त्या उशीकडे ती पाहत राहिली. डोक्याखाली दोन असताना त्यानं तिसरी बाहेरून आणली. का? तर त्या दोन मळलेल्या होत्या, लाळेनं कडक झालेल्या, बापाच्या होत्या. किळस येणाऱ्या माणसाला जीव वाचवायलासुद्धा स्वच्छ उशी लागते. आणि घ्यायला? आणि नंतर, काम झाल्यावर, तो तोंड पुसत नाही. तो मागे सरतो, हात धुतो, उशीचं कव्हर धुतो. आयुष्यात कधी कपडा धुतलेला नसल्यामुळे पिळायचं विसरतो. तोंड तसंच राहतं, बाईसाठी. त्या सुनेनं उशी दाबली असती की नाही हे देव जाणे. पण दाबून झाल्यावर तिनं तोंड पुसलं असतं. तिला न विचारता तिच्या हातानं पुसलं असतं. त्या घाणेरड्या, न पुसलेल्या तोंडाएवढा त्या बाईच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार त्या घरात दुसरा नव्हता. आणि त्या साक्षीदाराचं तोंड तिनं स्वतः पुसून टाकलं होतं. खरं तर हे दुसऱ्या कुणाच्या हातून घडलंच नसतं. रेडिओला ते तोंड बघवलंही नसतं. ज्याच्या घरी असं अंथरुणाला खिळलेलं कुणी नाही अशा कुठल्याही अधिकाऱ्यानं ते तसंच ठेवलं असतं, फोटो निघाला असता, धागा पिशवीत गेला असता. भाऊ बाहेर बेसिनवर हात धूत होता. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. तिला किळस आली, आणि ती भावाची होती, की वडिलांची, की स्वतःच्या त्या शहाण्या हाताची, हे तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती सुनेला भेटली. भेटीच्या खोलीत एक टेबल होतं, त्याच्या कडा कुणाकुणाच्या नखांनी खरवडलेल्या. सून ताजीतवानी दिसत होती, हे पाहून तिला धक्का बसला. झोपेनं तिचा चेहरा भरला होता. सुनेनं सांगितलं की इथे कुणी हाक मारत नाही. रात्री जाग आली तरी उठायचं नसतं, हे लक्षात यायला वेळ लागतो. तिनं विचारलं की त्या सकाळी तू कुठे होतीस. सून म्हणाली की घरातच. मग म्हणाली की औषध आणायला खाली गेले होते, पण त्यानं काय फरक पडतो. परत आले तर हे खोलीच्या दारात आडवे उभे. म्हणाले, डॉक्टरला बोलावलंय, आत हात लावू नकोस.

“तुला दिसत होतं?”

“दिसत होतं ना. तोंड सगळं भरलेलं. हात नुसता शिवशिवत होता, ताई. तुम्ही पुसलंत तेव्हा कुठे बरं वाटलं.”

मॅडमची ताई कधी झाली ते तिला कळलं नाही, आणि पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला नाही. ती म्हणाली, “त्यानं केलं. तू कशाला अंगावर घेतेस?”

सून टेबलाची कड खरवडत राहिली. मग अगदी साधेपणानं, हिशेब समजावून द्यावा तशी, म्हणाली, “मी रोज मनात करत होते. भरवताना, धुताना, रोज. त्यांनी एकदा हातानं केलं. मग जास्त कुणाचं?”

“मनातल्याला आमच्याकडे कलम नाही.”

“असतं तर?”

“असतं तर मी आत असते. तुझ्या शेजारच्या खाटेवर.”

सून तिच्याकडे पाहत राहिली आणि हसू आवरेना म्हणून तिनं पदर नसलेल्या खांद्याकडे हात नेला, तोंड झाकायला. दोघींनाही हसण्याची लाज वाटली. बाहेरची पहारेकरीण डोकावून गेली. तिनं पर्स उघडली आणि रुमालाची घडी टेबलावर ठेवली, उलगडली नाही. सुनेनं हात पुढे केला नाही. म्हणाली, “पिवळं असेल काहीतरी त्यात. ह्यांच्या खुर्चीची उशी कुणी घेतलेली ह्यांना खपायची नाही.” आणि मग पहिल्यांदा तिचे डोळे भरले. ती रडली ती मात्र नवऱ्यासाठी नाही, सासऱ्यासाठीही नाही. म्हणाली, शेवटचं तोंड तसंच राहिलं असतं ना हो.

तिच्या वरच्या साहेबांनी रुमाल कागदावर ठेवून घेतला आणि खुर्ची थोडी मागे ओढली. भले गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. त्यांचं म्हणणं असं पडलं की आयती कबुली हातात आहे, सगळे कागद झाले आहेत, आणि कोर्टात या रुमालाचं काय होणार हे काय तिला माहीत नाही? समोरचा वकील विचारेल, की इतके दिवस हा कुठे होता? बाईंच्या पर्समध्ये. पर्समध्ये आणखी काय होतं? कंगवा, चावी, गोळ्या. मग बाई, हे तोंड तुम्ही का पुसलंत? काय सांगाल? सवय? वर्तमानपत्रवाले नाव देतील, ते नकटीहून वाईट असेल. “याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात,” साहेब म्हणाले. “इतकी वर्षं मिळवलेलं सगळं एका तोंड पुसण्यावर घालवू नका.”

तिनं सांगितलं की कव्हर अजून त्या बाल्कनीत असेल. त्या माणसाला वाळलेला कपडा काढायचंही सुचणार नाही. उशीच्या आतला कापूस कुणी धुतलेला नसेल. धागा जुळेल, कापसाला लागलेलं जुळेल, आणि तो माणूस स्वतः फार वेळ टिकणार नाही. त्याला कोठडीतल्या खाटेवर बसवा, त्या मळलेल्या चादरीवर, तो आपण होऊन बोलेल. आणि वकिलानं विचारलं तर सवय असंच सांगेन. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग रुमालाकडे. त्यांच्या नाकपुड्या किंचित आक्रसल्या आणि त्यांनी तो कागद पेन्सिलीच्या टोकानं स्वतःपासून दूर सरकवला. त्यांना कळलंही नाही की त्यांनी काय केलं. तिला मात्र दिसलं, आणि वाटलं, की इथेही एक उंबरा आहे, आणि हे सगळे त्याच्या पलीकडे उभे आहेत. “लिहा तर मग,” साहेब म्हणाले. “सगळं लिहा. नंतर म्हणू नका मी सांगितलं नव्हतं.” बाहेर रेडिओ उभा होता, भिंतीला कान लावल्यासारखा. ती लिहायला बसली तेव्हा त्यानं चहा आणून ठेवला, आणि ठेवण्याआधी बोटानं वरची साय काढून टाकली, मग ते बोट कुठे पुसावं हे न कळून तसाच उभा राहिला. तिला हसू आलं आणि शिसारीही. तिनं चहा प्यायला.

घरी पोचली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. दिवसभर वडिलांना सांभाळणाऱ्या मावशींनी सांगितलं की आज खाल्लं बरं, पण भावाचा फोन आला होता, संस्थेचं काय ठरलं विचारत होता. मावशी गेल्या. तिनं भावाला फोन लावला नाही. उद्या कदाचित लावेल, कदाचित हो म्हणेल. तिला स्वतःची खात्री नव्हती, आणि आता आपण कुणी थोर आहोत असं वाटून घेण्याची तिला सोय उरली नव्हती. नोकरीचं काय होईल कुणास ठाऊक. ती वडिलांच्या पलंगाच्या कडेला बसली. खोलीत तो तिसरा वास होता. वडिलांचं तोंड उघडं होतं, आणि ओठाच्या कोपऱ्यातून ओघळ निघाला होता, हळूहळू, वाट शोधत. तिनं पर्समध्ये हात घातला. लोकांचा रुमाल तिथे नव्हता. आपला होता. तो काढायला हवा होता. पण हात रिकामाच बाहेर आला, आणि तिनं उघड्या तळव्यानं, बोटांनी, तो ओघळ टिपला. खालून वर. कोमट, बुळबुळीत. किळस आली, पोटापासून वर आली, नेहमीसारखी तिनं ती परतवली नाही. येऊ दिली, पूर्ण, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आत मावलं नाही, बाहेर आलं.

आणि तिच्या हाताखाली वडिलांचं तोंड हललं. कित्येक महिन्यांत त्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं, ना ओळख, ना राग. आता नाक आक्रसलं, वरचा ओठ वाकडा झाला, भुवया एकमेकींकडे गेल्या. वळणावर बसमधली पोरं करायची तसं तोंड. तिच्या हाताला कार्यालयाचा वास असेल, त्या टेबलाचा, शाईचा, दिवसभराच्या घामाचा. वडिलांनी मान उशीवर जेमतेम बोटभर वळवली, तिच्या हातापासून दूर.

त्यांना तिची किळस आली होती.

ती तशीच बसून राहिली, हात हवेत. मग उठली, न्हाणीत गेली, साबणानं हात धुतले आणि पर्समधून आपला रुमाल काढून पुन्हा त्यांच्याजवळ येऊन बसली.